सोलकरांची बाजू

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने इ. स. २००९ मध्ये थोर क्रिकेटपटूंसाठी एक कीर्तिमंदिर स्थापन केले. इंग्रजीत त्यास ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. मंदिर म्हटले तरी वस्तुतः ती सन्मान्य नावांची मालिका आहे, आणि तीत वेळोवेळी नव्या नावांची भर पडते. बेदी, कपिल देव, कुंबळे, द्रविड इत्यादि आपली माणसे तीत आहेत. मुंबईपुरते बोलावयाचे तर सुनील गावसकर आहेत, सचिन तेंडुलकर आहेत, डायना एडलजी आहेत. परंतु एकनाथ धोंडू सोलकर हे नाव तीत नाही. ते असावयास हवे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे प्रस्तुत लेखात सप्रमाण सांगण्याचे योजिले आहे.

घरातील सर्वांनी वाचावयाच्या मासिकात चेंडूफळीची चर्चा कशाला, असा आक्षेप कदाचित् एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाकडून येईल. त्यांस नम्र उत्तर इतकेच, की येथे प्रश्न केवळ खेळाचा नाही. ज्या गुणाचे माप आपल्या तागडीत बसत नाही, त्या गुणास न्याय कसा द्यावा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो मैदानापेक्षा घरात अधिक वेळा उपस्थित होतो.

प्रथम सोलकरांची ओळख. त्यांचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी जिमखान्यांची जी ओळ आहे, तीतील हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणे हे त्यांच्या वडिलांचे काम. कुटुंबाचे बिऱ्हाड त्याच मैदानाच्या कडेला, एका लहानशा खोपटात. मोठ्या मंडळींचे सामने चालू असता हा मुलगा धावफलकावरील आकडे बदलीत असे. दुसऱ्यांच्या धावा लावता लावता तो खेळ शिकला, शालेय संघात चमकला, पुढे मुंबईच्या रणजी संघात आला, आणि १९६९ साली हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्याने भारताकडून पहिला कसोटी सामना खेळला. शेवटचा कसोटी सामना १९७७ च्या जानेवारीत कलकत्त्यास. तेव्हा त्यांचे वय पुरते एकोणतीसही नव्हते. २६ जून २००५ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

आता कीर्तिमंदिराचे नियम पाहू. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेली असावीत, हा पहिला नियम. त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पुढील निकष जे प्रसिद्ध झाले, त्यांत फलंदाजाने आठ हजार धावा व वीस शतके करावी, किंवा त्याची सरासरी पन्नासाच्या वर असावी. गोलंदाजाने दोनशे बळी घ्यावे. यष्टिरक्षकाने दोनशे फलंदाज बाद करण्यात भाग घ्यावा. कर्णधाराने इतके सामने जिंकावे, अशी मापे आहेत. ही मापे वाचून कोणाही शाळामास्तराच्या ध्यानात एक गोष्ट ताबडतोब येईल. क्रिकेटच्या संघात अकरा माणसे मैदानात उतरतात. त्यांतील एक चेंडू टाकतो, एक यष्टींमागे उभा राहतो, आणि उरलेले नऊजण दिवसभर क्षेत्ररक्षण करितात. या नवांच्या कामासाठी नियमावलीत एक ओळही नाही. चार विषयांची परीक्षा घ्यावयाची आणि पाचव्या विषयात जो पहिला आला त्यास अनुत्तीर्ण ठरवावयाचे, असाच हा प्रकार आहे.

सोलकर या पाचव्या विषयातले. त्यांची जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग ही. ज्या वाचकांस खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी ही जागा थोडी समजावून सांगितली पाहिजे. फलंदाज बॅट घेऊन उभा असतो. त्याच्या पायांच्या बाजूस, किंचित् पुढे, दोन-तीन पावलांच्या अंतरावर हा क्षेत्ररक्षक ओणवा होऊन बसतो. फिरकी चेंडू उडून बॅटच्या कडेस वा हातमोज्यास निसटता लागतो, तेथून पॅडवर आदळतो आणि अलगद हवेत उठतो. तो जमिनीस टेकण्याच्या आत टिपावयाचा. डोळ्याचे पाते लवण्यास जितका वेळ लागतो, त्याहून फारसा अधिक वेळ मिळत नाही. उलट फलंदाजाने चेंडू सपाट्याने टोलविला तर तोच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या तोंडावर यावयाचा. आज या जागी उभा राहणारा मनुष्य शिरस्त्राण घालतो, नडगीवर कवच बांधतो. सोलकरांच्या काळी शिरस्त्राण प्रचारात आलेले नव्हते. ते उघड्या डोक्याने तेथे उभे राहत, आणि चेंडू टोलविला जाताना पाठ फिरविण्याचा जो मनुष्याचा स्वाभाविक धर्म, तो त्यांनी जिंकलेला होता. ते केवळ चेंडूकडे पाहत. चेंडू कोठे जाईल याचा अंदाज त्यांस आधी होई, म्हणून शरीरही आधी हलत असे.

आता आकडे. सोलकरांनी २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतले. म्हणजे दर सामन्यास जवळजवळ दोन. अचूक सांगावयाचे तर १.९६. यष्टिरक्षक सोडून, वीस किंवा अधिक कसोटी सामने खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत या प्रमाणात त्यांच्या वर नाव आढळत नाही. तुलनेसाठी पाहा : ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्प्सन हे स्लिपमधील नामांकित क्षेत्ररक्षक, त्यांचे ६२ सामन्यांत ११० झेल, म्हणजे दर सामन्यास १.७७. मार्क टेलर यांचे १०४ सामन्यांत १५७, म्हणजे १.५१. राहुल द्रविड यांचे १६४ सामन्यांत २१०, म्हणजे १.२८. त्रैराशिक मांडले तर द्रविडांइतके सामने खेळून सोलकरांचे ३२२ झेल झाले असते. परंतु असे त्रैराशिक मांडणे योग्य नव्हे. वय वाढते, प्रतिक्षिप्त गति मंदावते, आणि दगडी भिंतीवर चालणारे गणित मनुष्यास लागू पडत नाही. म्हणून ५३ हा आकडा आहे तेवढाच घ्यावा. तोही पुरेसा आहे. त्यांतील १२ झेल १९७२-७३ साली इंग्लंडचा संघ येथे आला असता एकाच मालिकेतील आहेत.

तथापि नुसत्या आकड्यांनी या कामाची किंमत कळत नाही. त्यासाठी १९७१ च्या ऑगस्टमधील ओव्हलचा सामना आठवावा लागेल. आमच्या पिढीस तो विसरणे शक्यच नाही. सामन्याचा शेवटचा दिवस २४ ऑगस्ट, आणि त्याच दिवशी गणेशचतुर्थी. भायखळ्याच्या आमच्या चाळीत सकाळी मूर्ति बसलेली, आणि दुपारपासून मोदकांपेक्षा रेडिओभोवतीच अधिक गर्दी. तिकडे लंडनमध्ये चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील बेला नावाची हत्तीण ओव्हलच्या मैदानावर आणली होती. गजाननाचे ते दर्शन आमच्या मंडळींस दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून घडले.

त्या सामन्यात इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ धावा केल्या होत्या, भारताने २८४. म्हणजे आपण ७१ धावांनी मागे. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला, हे सर्वांस पाठ आहे. परंतु त्या डावाच्या धावपत्रकातील दोन ओळी नीट वाचाव्या. फ्लेचर, झेल सोलकर, गोलंदाज चंद्रशेखर, शून्य. नॉट, झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन, एक. यांतील नॉट यांनी पहिल्या डावात ९० धावा काढल्या होत्या, आणि इंग्लंडचा पडता डाव सावरावयाचा तर तो त्यांनीच, अशी त्या संघाची श्रद्धा होती. वेंकटराघवन यांचा चेंडू बॅट-पॅडला लागून पुढे पडू लागला. सोलकर पुढे झेपावले, सर्वांगाने जमिनीवर आडवे झाले, आणि मातीपासून चार बोटांवर तो चेंडू त्यांनी धरला. ५४ धावांवर इंग्लंडचा पाचवा फलंदाज गेला. त्या झेलाचे छायाचित्र पुढे जगभर गाजले. भारताने १७३ धावांचे लक्ष्य चार गडी राखून गाठले, आणि इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय व पहिली मालिका मिळविली. सोलकर यांनी याच सामन्यात पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले आणि ४४ धावाही काढल्या, हे बहुतेकांच्या स्मरणातून गेले आहे.

येथे मला आपल्या शास्त्रकारांचे एक जुने उदाहरण उपयोगी पडते. देवदत्त दिवसा जेवीत नाही, तरी तो धष्टपुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवीत असलाच पाहिजे. रात्रीचे जेवण कोणी पाहिलेले नाही, परंतु ते मानल्यावाचून पुष्टतेचा उलगडा होत नाही. मीमांसक यास अर्थापत्ति हे स्वतंत्र प्रमाण मानितात, नैयायिक त्याचा अनुमानात समावेश करितात. तो वाद येथे नको. आपल्या विषयास लावून पाहू. त्या काळी भारताकडे म्हणण्यासारखा वेगवान गोलंदाज नव्हता. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौघा फिरकी गोलंदाजांवर सारा भार. चौघांचे मिळून ८५३ कसोटी बळी झाले. फिरकी गोलंदाज यष्टी उडवून फार बळी घेत नाही. तो फलंदाजास चुकावयास लावितो, आणि चूक टिपणारा कोणी तरी जवळ असावा लागतो. असा कोणी नसता तर तीच कला निष्फळ ठरली असती. म्हणून या चौघांच्या कीर्तीची पुष्टता ज्यास मान्य आहे, त्याने जवळ बसलेल्या त्या क्षेत्ररक्षकाचे श्रेय मानल्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय जे झेल घेतले तेवढेच सोलकरांचे कार्य नव्हे. दोन पावलांवर असा मनुष्य बसला आहे, या जाणिवेनेच फलंदाजाचे पाऊल पुढे पडेनासे होई. जो चेंडू पुढे जाऊन मारावयाचा, तो मागे राहून खेळावा लागे, आणि पायचीत वा त्रिफळाचीत होण्याचा प्रसंग येई. तो बळी धावपत्रकात केवळ गोलंदाजाच्या नावे पडला. त्यातील सोलकरांचा वाटा लिहिण्यास त्या पत्रकात रकाना नाही.

आता पूर्वपक्ष. विरुद्ध बाजूचे आक्षेप लपवून ठेवणे हे वादाच्या नीतीस धरून होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की त्यांची फलंदाजी व गोलंदाजी सामान्य होती. १०६८ धावा, सरासरी २५.४२, शतक एकच. बळी १८, तेही महागात पडलेले. आकडे खरे आहेत. परंतु त्या धावा केव्हा झाल्या हे पाहिले पाहिजे. १९७१ च्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात किंग्स्टन येथे ७५ धावांत पाच गडी गेले असता सोलकर दिलीप सरदेसाई यांच्या जोडीस आले, आणि दोघांनी १३७ धावांची भागी केली. सरदेसाई २१२, सोलकर ६१. पावसाने पहिला दिवस वाया गेल्यामुळे फॉलोऑन देण्यास दीडशेंची आघाडी पुरेशी होती. भारताची १७० झाली, आणि वेस्ट इंडीजला पुन्हा खेळावयास बोलाविण्याची अपूर्व संधि मिळाली. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात सोलकरांच्या ५५ धावा आहेत. बार्बाडोस येथे ७० धावांत सहा गडी गेल्यावर पुन्हा हीच जोडी उभी राहिली आणि तिने १८६ धावांची भागी केली, सोलकर ६५. लॉर्ड्सवर त्यांनी ६७ केल्या. घराला आग लागल्यावर जो पाण्याची घागर घेऊन धावतो, त्याने वर्षभरात किती घागरी पाणी भरले हे मोजण्यात काय अर्थ आहे? गोलंदाजीतही १९७४ साली मँचेस्टरला बॉयकॉटसारखा चिवट फलंदाज दुसऱ्या डावात अवघ्या ६ धावांवर सोलकरांनी बाद केला. त्या सामन्यानंतर बॉयकॉट १९७७ पर्यंत कसोटी क्रिकेटपासून दूर राहिले.

दुसरा आक्षेप : झेल गोलंदाजांच्या पुण्याईचे, त्या जागी दुसरा कोणीही असता तरी तेवढेच झेल झाले असते. हा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो. ती जागा सोलकरांनंतरही राहिली, फिरकी गोलंदाजही पुढे पुष्कळ झाले, त्यांतील काही तर फार मोठे; परंतु सामन्यामागे दोन झेलांचे ते प्रमाण पुन्हा दिसले नाही. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सोलकर एकटे नव्हते. स्लिपमध्ये अजित वाडेकर, गलीत वेंकटराघवन, जवळच आबिद अली, असे ते सारे कडेच उत्तम होते. परंतु कड्यातील सर्वांत कठिण दुवा कोणता, हे विचारले तर उत्तर एकच येते.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. सत्तावीस सामने म्हणजे फार थोडे. कीर्तिमंदिराचे दार असे सैल केले तर उद्या कोणीही आत येईल. दाराची अब्रू राखली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. परंतु दाराचे माप यापूर्वी बदललेले आहे. विनू मांकड यांच्या कसोटी धावा २१०९ आणि बळी १६२. निकषातील आठ हजार वा दोनशे यांपैकी एकही पायरी त्यांनी चढलेली नव्हती. तरी २०२१ साली त्यांस आत घेतले, आणि ते योग्यच झाले. कारण आकड्यांच्या पलीकडे त्यांचे मोठेपण सर्वांस दिसत होते. एकदा हा न्याय मान्य केला म्हणजे तो दोन गुण असलेल्यासच लागू, आणि तिसऱ्या गुणात अग्रेसर असलेल्यास नाही, असे म्हणता येत नाही. शिवाय मी प्रत्येक चपळ क्षेत्ररक्षकासाठी दार उघडा असे म्हणत नाही. ज्याने एका जागेचे काम इतक्या उंचीस नेले, की पुढे त्या जागी बसणाऱ्या प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच व्हावी, एवढ्यापुरतेच माझे मागणे आहे. असे पुरुष बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

भायखळ्याच्या भाजीबाजारात मी अनेक वर्षे जात आलो. तेथे बटाटा तागडीत पडतो, लिंबू नगावर मिळते, आणि कोथिंबीर जुडीवर. लिंबाचे वजन भरत नाही म्हणून त्यास हलके म्हणणारा दुकानदार मला आजवर भेटला नाही. जी शहाणपणाची गोष्ट आमच्या बाजारातील भाजीवाल्यास कळते, ती परिषदेतील विद्वानांस कळू नये, हे नवल आहे.

आणि आता वाचकहो, थोडे घराकडे वळू. एकत्र कुटुंबात कोणी किती मिळवून आणले, कोण कोणत्या परीक्षेत कितवा आला, हे सर्वांस ठाऊक असते. ते दहा जणांत सांगितलेही जाते. परंतु ज्या काकूंनी आजारी सासऱ्यांचे औषध एकदाही चुकू दिले नाही, ज्या धाकट्या काकांनी भावाभावांतील बोलाचाली तुटेपर्यंत कधी ताणू दिली नाही, त्यांच्या नावे कोणत्या वहीत काय जमा होते? त्यांनी जे अनर्थ होऊ दिले नाहीत, ते झालेच नाहीत, म्हणून दिसलेही नाहीत. मिळकतीचा हिशेब ठेवू नये असे मी म्हणत नाही. हिशेबात त्यांनाही एक रकाना असावा, इतकेच.

सोलकर आज हयात नाहीत; या सन्मानाने त्यांस काही मिळावयाचे नाही. परंतु मांकडांसही तो निधनानंतर चार दशकांहून अधिक काळाने मिळाला. असा सन्मान मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांसाठी असतो. आजही आझाद मैदानावर आणि आमच्या चाळीच्या अंगणात शेकडो मुले खेळतात; त्यांतील प्रत्येकास फलंदाज व्हावयाचे असते, आणि बॅटच्या जवळ उभे राहण्यास जो लहान अगर गरीब असेल त्यास पिटाळतात. मैदानाची निगा राखणाऱ्याच्या मुलाने त्याच पिटाळलेल्या जागेवरून जगात नाव केले, हे त्यांस कोठे तरी ठळक अक्षरांत लिहिलेले दिसावे.

मुंबईच्या क्रिकेट संघटनेने व भारतीय नियामक मंडळाने हे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे आग्रहाने मांडावे, आणि क्षेत्ररक्षणासाठी नियमावलीत स्वतंत्र कलम घालावयास सुचवावे. ज्या वाचकांचा या संस्थांशी संबंध आहे, त्यांनी एक पत्र अवश्य लिहावे. पत्रात अलंकार नकोत. सत्तावीस सामने, त्रेपन्न झेल, एवढे दोन आकडे लिहिले तरी पुरेत.